लेकरू जेवतच नाही! पाळणाघरातल्या मावशीला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत पाळणाघर चालवते मी, अकरा वर्षं झाली. एक ते चार वर्षांची दहा-बारा मुलं रोज माझ्याकडे जेवतात. संध्याकाळी मुलाला न्यायला आलेली आई दारात चप्पल घालता घालता विचारते, "मावशी, आज काही खाल्लं का हो?" आणि मग रात्री साडेदहाला तिचाच मेसेज येतो, बाबांचे येतात, आज्यांचे पण येतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळे लिहून काढलेत. मी डॉक्टर नाही, जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलंय. एक गोष्ट दुसरीकडे सांगितली असेल तर तो नंबर दिलाय, तिथे जाऊन वाचा.

1. वर्षाचा होईपर्यंत देऊ ते खायचा, आता दीड वर्षाचा झालाय तर तोंडच उघडत नाही. काही झालंय का त्याला?

बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. पहिल्या वर्षात बाळ तिप्पट होतं बघा, तीन किलोचं नऊ किलो, म्हणजे भूकही तशीच असते. दुसऱ्या अख्ख्या वर्षात वजन वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढ मंदावली की भूक कमी होणारच ना, पण आपल्या डोळ्यांसमोर ती जुनी भरलेली वाटीच असते. त्यात ह्याच वयात पाय फुटलेले असतात, कपाटं उघडायची असतात, चपला लपवायच्या असतात, एवढी कामं टाकून वरणभात खायला कोण बसणार? आणि तिसरं म्हणजे दीड-दोन वर्षांच्या आसपास मुलांना नवीन पदार्थाची भीती वाटायला लागते, परवापर्यंत खाल्लेला दुधीसुद्धा एकदम परका होतो. कमीजास्त प्रमाणात हे जवळजवळ सगळ्यांकडे येतं आणि शाळेच्या वयात हळूहळू ओसरतं. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, मीठमोहऱ्यांनी नुकसान काही नाही, वाटी तेवढी रिकामी होणार नाही. काळजी कधी करायची ते 15 मध्ये.

2. पण एवढ्याशा पोटाला नक्की लागतं किती? मला अंदाजच येत नाही.

सोपा हिशोब सांगते. जितकी वर्षं तितके मोठे चमचे, प्रत्येक पदार्थाचे. दोन वर्षांच्या मुलीला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी, किंवा भाताऐवजी अर्धी पोळी. झालं जेवण. मागितलं तर परत वाढा, पण पहिल्यांदा ताटात एवढंच. मोठ्यांसारखा डोंगर वाढला की मूल बघूनच मागे सरकतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2020 चे आकडे आहेत, 1 ते 3 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1100 कॅलरी आणि साडेबारा ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि कपभर दुधात सहाच्या वर, म्हणजे तेवढ्यातच हिशोब होत आला, वरण-दही वरून. त्यामुळे प्रोटीनसाठी जीव टांगणीला लावू नका, आपल्या मुलांमध्ये कमी पडतं ते बहुतेक लोह (10 बघा). आणि एका दिवसाचं मोजू नका हो, आठवड्याचं बघा. सोमवारी चिमणीएवढं खाणारी मुलगी गुरुवारी दोन आंबोळ्या फस्त करते.

3. जेवत नाही पण दूध चांगलं पितो, मग चालतं ना? निदान पोटात काहीतरी जातं.

नाही चालत, आणि माझ्याकडे येणाऱ्या "जेवत नाही"वाल्या मुलांपैकी अर्ध्यांचं कारण हेच निघतं. गणित करून बघा. म्हशीच्या एक लिटर दुधात हजार कॅलरी असतात. मुलाची दिवसाची गरजच अकराशेची. मग भुकेला जागा राहिली कुठे? तुम्ही म्हणता जेवत नाही, तो म्हणतो जेवलो की!

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा होता माझ्याकडे, गोरापान, गुबगुबीत, सगळे म्हणायचे काय छान बाळ आहे. सकाळी उठल्या उठल्या बाटली, दहाला बाटली, दुपारी झोपताना बाटली, संध्याकाळी, रात्री आणि मध्यरात्री परत एक. त्याच्या आईला मी एक दिवस सगळ्या बाटल्या वहीत लिहायला सांगितल्या तर सव्वा लिटर निघालं. हिमोग्लोबिन तपासलं तर आठ. गोरापान नव्हता तो, फिकट होता! गाईचं काय आणि म्हशीचं काय, दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि जास्त दूध बाकीच्या जेवणातल्या लोहाच्याही आड येतं. वर बद्धकोष्ठ होतं, पोट गच्च असलं की भूक आणखी मरते, असं चक्र सुरू होतं.

वर्षानंतर दिवसभरात 400 ते 500 मिली बास, त्यात दहीही धरा. बाटली बंद करून कपातून द्या, जेवणाच्या आधी देऊ नका, जेवण झाल्यावर किंवा मधल्या वेळी द्या. रात्रीची बाटली सगळ्यात शेवटी सुटते, त्यात रोज थोडं थोडं दूध कमी करा आणि शेवटी नुसतं पाणी द्या, आठ-दहा दिवस रडारड होईल. आईचं दूध चालू असेल तर ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायला हरकत नाही, फक्त जेवणाच्या तोंडावर नको.

4. दिवसातून किती वेळा द्यायचं? ती तर सारखी काहीतरी मागत असते.

तीन जेवणं आणि दोन वेळा खाऊ, मध्ये नुसतं पाणी. हे "सारखं काहीतरी" म्हणजेच मुख्य गडबड असते. चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे शंभरेक कॅलरी, हातात कुरमुरे, मग केळं अर्धं, मग आजोबांच्या चहातली खारी, असं करत जेवणाच्या वेळेला पोट भरलेलं असतं आणि बाईसाहेब ताट ढकलतात.

माझ्याकडचं वेळापत्रक सांगते, नऊला नाश्ता, साडेअकराला फळ, एकला जेवण, झोपून उठल्यावर चारला खाऊ. घरी आठच्या आत रात्रीचं जेवण. एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं, त्यानंतर ताट उचलायचं, चेहरा न पाडता. तासभर मागे फिरून भरवलेल्या जेवणात तुमचा जीव जातो आणि त्याला कळतं की न खाल्लं की सगळं घर आपल्यामागे नाचतं. काय, कधी आणि कुठे द्यायचं ते आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते त्याने. बालआहारवाले हाच नियम सांगतात आणि माझा अनुभवही तोच. ऐकायला सोपं, पाळायला महाकठीण, विशेषतः आजी समोर बसली असेल तर!

5. मोबाईल लावला की गपागप खाते, बंद केला की तोंड बंद. मग लावला तर काय बिघडलं?

मोबाईलसमोर मूल खात नाही, गिळतं. पोट भरलं की नाही ते त्याला कळत नाही, काय खाल्लं तेही कळत नाही, म्हणजे सहा महिने भोपळा खाऊनही भोपळ्याची ओळख होत नाही. परवा एका आईने मुलीला विचारलं आज काय खाल्लंस, तर मुलगी म्हणाली, "घास".

सोडवायचं कसं? एकदम सगळ्या जेवणांचं नको, आधी एकच जेवण निवडा, ज्याला मुलाला सगळ्यात जास्त भूक असते ते. बऱ्याच घरांत ते सकाळचा नाश्ता असतं. तीन-चार दिवस कमी खाईल, खाऊ दे. मोबाईल घरातल्या सगळ्यांचाच बाजूला हवा हं, बाबा क्रिकेट बघत जेवतायत आणि मुलाला बंदी, हे त्यालाही पटत नाही. चिऊचा घास काऊचा घास चालतो का असंही विचारतात. खेळ म्हणून चालतो, तोंड उघडायला लावायचं हत्यार म्हणून नाही.

6. भाजी अजिबात खात नाही. एकही नाही. काय करू?

"एकही नाही" म्हणजे किती वेळा दिली होती ते आधी सांगा. एखादा नवीन पदार्थ मुलाने स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि आपण तिसऱ्या वेळेला म्हणतो "ह्याला फरसबी आवडत नाही" आणि आणणंच बंद करतो. समोर येणं म्हणजे खाणं नाही. ताटात असणं, हातात धरणं, वास घेणं, चाटून थुंकणं, सगळं मोजायचं. थुंकलं तर रागावू नका, थुंकणं म्हणजे चव घेऊन झाली!

माझी धाकटी स्वतः ह्यातून गेलीय. चार महिने दहीभात, फक्त दहीभात. एकदा मी गवार मोडायला बसले होते, ती शेजारी, तिला काम हवं होतं म्हणून एक मूठ शेंगा दिल्या. तिने एकेका शेंगेचे नखभर तुकडे केले, अर्धा तास लागला तेवढ्याला, आणि मी ते तुकडे वेगळ्या छोट्या कढल्यात शिजवले, ओलं खोबरं आणि चिमूटभर गूळ घालून. "ही माझी गवार" म्हणून सगळ्यांना दाखवली आणि तीन तुकडे खाल्ले. तीनच! पण मला दिवाळी झाली. तेव्हापासून पाळणाघरात मी मेथी निवडायला, मटार सोलायला, कोथिंबीर तोडायला मुलांनाच बसवते. वेळ दुप्पट लागतो आणि फरशीवर मेथी होते, हे आधीच सांगून ठेवते.

बाकी छोट्या गोष्टी. नवीन भाजी एकटी देऊ नका, शेजारी एक ओळखीची आवडती गोष्ट हवीच. भाजी कोरडी आणि मोकळी केली तर काही मुलं खातात, रस्सा बघून पळतात, काहींचं उलटं असतं. भेंडी बुळबुळीत झाली की संपलं, तव्यावर कुरकुरीत केली की हातात धरून खातात. लाल भोपळा आणि रताळं गोडसर असल्यामुळे सुरुवातीला बरं पडतं. पालेभाजीचा चोथा तोंडात गोळा होतो म्हणून डाळ घालून पातळ करा. आणि "भाजी संपव मग चॉकलेट देते" हे वाक्य विसरा, त्याने भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस. मुलं हिशोबात पक्की असतात.

7. थालीपिठात, पराठ्यात किसून लपवली तर?

घाला की! थालीपिठात कोबी, धिरड्यात पालक, आमटीत भोपळा, इडलीच्या पिठात गाजर, आपल्या आयाही हेच करायच्या आणि त्याला लपवणं म्हणायच्या नाहीत. फक्त दोन गोष्टी. एक, विचारलं तर खोटं बोलू नका, कारण एकदा पकडलं की मूल थालीपीठच सोडतं, मग ना भाजी ना थालीपीठ. दुसरं, तीच भाजी कधीतरी दिसेल अशीही ताटात ठेवत रहा, नाहीतर 6 मध्ये सांगितलेली ओळख होतच नाही.

8. फक्त पांढरं खातो. भात, दही, इडली, साबुदाण्याची खिचडी. बाकी रंग दिसला की रडतो.

पांढरं म्हणजे भरवशाचं, रोज सारखंच दिसतं, सारखंच लागतं. त्यामुळे त्याला हिरव्यावर एकदम उडी मारायला लावू नका, एकेक पायरी चढवा. दहीभातावर जिरं-कढीपत्त्याची फोडणी, मग त्यात किसलेली काकडी, मग दाण्याचं बारीक कूट, मग किसलेलं गाजर. किंवा वरणभातावरून मेतकूटभातावर, तिथून मुगाच्या खिचडीवर. प्रत्येक पायरीला आठवडा लागला तर लागू दे. मेतकुटात डाळी असतात, वर तूप असतं, चव ओळखीची, माझ्याकडे सगळ्यात जास्त खपणारा पदार्थ तोच.

साबुदाण्याचं मात्र सांगते, तो म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यातलं पौष्टिक जे काही आहे ते दाण्याच्या कुटात. कधीतरी ठीक, रोजचं जेवण नाही.

9. दोन वर्षांची झाली तरी सगळं मिक्सरमधून काढून देते, जरा दाणा लागला की ओकारी काढते.

हे तुमचं चुकलंय असं म्हणत नाही, भीती वाटते हे कळतं, पण मिक्सर बंद करायची वेळ कधीच होऊन गेलीय. आठ-नऊ महिन्यांपासून मऊ गुठळ्या द्यायच्या असतात, तेव्हा दिल्या नाहीत की नंतर तोंडाला सवय लागायला वेळ लागतो. मिक्सरकडून आधी रवीकडे या, मग पळीने घोटलेलं, मग काट्याने दाबलेलं, मग हाताने कुस्करलेलं. हातात धरून खायला मऊ गोष्टी द्या, उकडलेल्या रताळ्याची फोड, पिकलेली पपई, वाफवलेल्या गाजराची लांब काडी, इडलीचा तुकडा. ओकारी येणं आणि घशात अडकणं ह्यात फरक आहे. ओकारीत आवाज येतो, तोंड लाल होतं आणि मूल स्वतःच घास पुढे ढकलतं, तेव्हा शांत बसून बघायचं. अडकलं की आवाजच बंद होतो, तो धोका (13 बघा). आणि हळूहळू करूनही महिना-दोन महिन्यांत काहीच फरक नाही, किंवा पाणी पितानाही ठसका लागतो, तर डॉक्टरांना दाखवा.

10. लोह, हिमोग्लोबिन ह्याबद्दल सगळेच घाबरवतात. खरंच एवढं असतं का?

असतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळजवळ 69 मुलांना रक्तक्षय निघाला. म्हणजे खात्यापित्या घरातली मुलंही त्यात आली. आणि गंमत अशी की रक्त कमी झालं की भूक मरते, भूक मेली की रक्त आणखी कमी. "जेवत नाही म्हणून अशक्त" हे सगळे म्हणतात, "अशक्त आहे म्हणून जेवत नाही" हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ह्या वयाला दिवसाला 8 मिलिग्रॅम लोह लागतं. शाकाहारी घरात मोड आलेली मटकी-मूग, मसूर, हरभरा, राजगिरा, तीळ, अळीव, पालेभाज्या ह्यातून मिळतं, पण ते अंगी लागायला बरोबर आंबट हवं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा, पोह्यांवर पिळा, जेवणानंतर पेरूची फोड द्या, बी काढून. मोड आणणं, आंबवणं ह्यानेही फरक पडतो. लोखंडी कढई काढा माळ्यावरून. मांसाहारी असाल तर अंडं, मटणाचा मऊ खिमा, आठवड्यातून एखादवेळा कलेजी. मासेवाल्या घरांत मुडदुशी देतात ती परंपरा उत्तम, काटा सोपा आणि मांस मऊ, तरी बोटांनी दोनदा चाचपून बघाच.

नाचणीबद्दल एक गैरसमज आहे, ती मुख्यतः कॅल्शियमसाठी भारी, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोहासाठी एकट्या नाचणीवर विसंबू नका.

अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा 1 मिली, ते घेऊन कपाटात ठेवू नका, द्या. शी काळी होईल, घाबरू नका. बाटली मात्र मुलाच्या हाताला लागेल अशी अजिबात नको, लोहाचं औषध जास्त प्यायलं तर विषबाधा होते. सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस आणि 10 फेब्रुवारीच्या सुमारास मिळणारी जंताची गोळी, तीही चुकवू नका.

11. सासूबाई चहात बिस्किट बुडवून देतात. कसं सांगू?

हा आहाराचा प्रश्नच नाही, पण सगळ्यात जास्त वेळा हाच येतो! चहा लोहाला अडवतो हे खरं, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की पाच वर्षांखाली चहा-कॉफी नको. पण हे तोंडावर फेकू नका. आजीला मुलाबरोबर चार वाजताची ती पाच मिनिटं हवी असतात. तर त्या वेळेचा खाऊ आजीच्याच हाती सोपवा, "आई, तुमच्या हातचा राजगिऱ्याचा लाडू तो खातो, माझ्या हातचा नाही खात". माझ्या माहितीतल्या तीन घरांत तरी चाललंय हे. चौथ्या घरात आजीने लाडूही दिला आणि चहाही.

12. पाळणाघरात सगळं खातो म्हणता, घरी मात्र नाटकं. खोटं तर नाही ना सांगत मावशी?

नाही हो! तिथे दहा मुलं एका ओळीत बसलेली असतात, शेजारचा पडवळ खातो तर हाही खातो. दुसरं ऑर्डर घ्यायला कुणी नसतं, सगळ्यांना तेच. आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या खाण्या-न खाण्याने रडू येत नाही, हे त्याला बरोबर कळतं. घरी एवढंच करून बघा, एक वेळचं जेवण सगळ्यांनी खाली बसून एकत्र, त्याचं ताट तुमच्यासारखंच, आणि त्याच्याकडे न बघता तुम्ही तुमचं जेवा. बऱ्याचदा बाबांच्या ताटातलं उचलतो. उचलू द्या.

13. खाऊ काय द्यायचा आणि काय नाही?

द्यायचा खाऊ म्हणजे छोटं जेवणच. गूळ-तूप-पोळीचा कुस्करून केलेला लाडू, उकडलेलं अंडं, धिरड्याचे तुकडे, घावन, नाचणीचं सत्त्व, दही-पोहे, उकडलेला मका दाणे ठेचून, केळं, चिकू, आंब्याच्या दिवसांत आंबा. गूळ पौष्टिक म्हणून हवा तेवढा घालू नका, साखरेचाच भाऊ तो. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, पाकीटबंद ज्यूस घरात आणूच नका, आणलं की ते दिसणारच. ताज्या रसाबद्दलही बालरोगतज्ज्ञ सांगतात की दोन वर्षांखाली नको, दोन ते पाच वर्षांत फार तर 125 मिली. त्यापेक्षा फळ चावून खाऊ दे.

पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, पॉपकॉर्न, चिक्की, कच्च्या गाजराचा जाड तुकडा नको. दाणे कूट करून. द्राक्षं उभी चार भाग करून. बोरं, जांभळं, सीताफळ बी काढून. धावताना, गाडीत, हसवताना काहीही तोंडात नको. ह्या एका बाबतीत मी खडूस आहे, डब्यात अख्खी द्राक्षं आली की मी चिरल्याशिवाय देत नाही, मग आई रागावली तरी चालेल.

14. दुधात घालायची ती पावडर, किंवा भूक वाढायचं टॉनिक देऊ का?

त्या पावडरीत बराचसा भाग साखरेचा असतो, पाकिटाच्या मागे बघा. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना ह्या पावडरी "हेल्थ ड्रिंक" म्हणून दाखवू नका असं सांगितलं, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा प्रकारच नाही. आणि चॉकलेटी दूध लागलं की साधं दूध बंद, हे मी डझनभर वेळा पाहिलंय.

टॉनिकचं वेगळं. भुकेची काही सिरपं मुळात ॲलर्जीच्या औषधाची असतात, भूक वाढणं हा त्यांचा जोडपरिणाम, आणि गुंगीही येते. शेजारणीच्या मुलाला दिलं होतं म्हणून केमिस्टकडून आणून देऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

15. नखरे आहेत की खरंच काही आहे, कसं ओळखायचं? डॉक्टरकडे कधी जाऊ?

खेळतोय, हसतोय, शी-शू नीट, तक्त्यावर वजनाची रेघ हळू का होईना वर चाललीय, तर नखरे. शेजारच्या मुलाशी तुलना नको, त्याची स्वतःचीच मागची रेघ बघा. अंगणवाडीचं कार्ड असतं त्यावर तो तक्ता असतोच.

पण वजन दोन-तीन महिने वाढलंच नाही किंवा घटलं, गिळताना ठसका किंवा दुखतंय असं वाटतं, वरचेवर उलट्या, सतत बद्धकोष्ठ, ओठ-तळवे फिकट, खेळता खेळता दमून बसतो, तर थांबू नका. अजून एक, जे मोजकेच पदार्थ खातो त्यातलेही एकेक सुटत चाललेत, नवीन एकही येत नाहीये, आणि त्याबरोबर बोलणं, हाक मारल्यावर बघणं, कपड्यांचा-आवाजाचा त्रास असं काही वेगळं वाटतंय, तर ते लाडावलेपण समजून मारझोड करू नका, बालरोगतज्ज्ञांना हे सगळं सांगा.

दात येताना किंवा ताप-सर्दीत आठवडाभर खाणं कमी होतं, ते ह्यात धरू नका. तेव्हा पेज, ताक, मऊ खिचडी, जे जाईल ते, आणि बरं झाल्यावर पंधरा दिवस एक खाऊ जास्त द्या, भूक स्वतःच परत येते.

16. आम्ही बाहेरदेशी आहोत, डे-केअरमध्ये दाणे चालत नाहीत. आमच्या तर प्रत्येक भाजीत कूट!

हा प्रश्न न्यू जर्सीतून आला, मग लंडनहून, मग मेलबर्नहून. नियम पाळाच, दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या जिवाचा प्रश्न असतो. डब्यापुरतं कुटाच्या जागी भाजलेल्या डाळ्याची पूड किंवा ओलं खोबरं घाला, तिळाचं विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी तीळही ॲलर्जीच्या यादीत असतो. घरी मात्र कूट चालू ठेवा, त्याला त्रास नसेल तर. आणि ऊन कमी असलेल्या देशात ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारा, ब्रिटनमध्ये तर एक ते चार वर्षांच्या सगळ्या मुलांना रोज 10 मायक्रोग्रॅम द्यायला सांगतात.

17. जेवण नको पण माती खातो, भिंत चाटतो. जंत झालेत का?

जंत असू शकतात, पण आधी हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी असलं की काही मुलांना माती, खडू, चुना, पाटीवरची पेन्सिल असलं खावंसं वाटतं, मारून किंवा हाताला कडू लावून ते जात नाही. जुन्या भिंतीच्या रंगात शिसंही असू शकतं, म्हणून डॉक्टरांना भिंतीचंही सांगा. माझ्याकडे एक अडीच वर्षांची मुलगी होती, सगळे झोपले की उठून गॅलरीच्या कोपऱ्यात जायची आणि पोपडे काढून खायची. आम्हाला पंधरा दिवस कळलंच नाही, मग तिच्या फ्रॉकवर पांढरी पूड दिसली. रक्त कमी निघालं, डॉक्टरांनी औषध दिलं, तीन महिन्यांत ती त्या कोपऱ्याकडे बघेनाशी झाली. मी मात्र त्याच आठवड्यात भिंत कमरेपर्यंत खरवडून टाइल्स लावून घेतल्या.